लाल पेन आणि आंबील ओढा

मेलबर्न, रविवार

प्रिय सुहास,

गेल्या फोनवर तू विचारलंस, "वर्कशॉप म्हणजे भाषणच ना रे, फक्त गोल टेबलाभोवती?" मी हसून विषय बदलला, कारण आमच्या संयोजकांनी माझ्या पहिल्या प्रस्तावावर जवळपास तोच शेरा मारला होता.

शहरांतल्या ओढ्यानाल्यांवर काम करणाऱ्यांचं आमचं हे संमेलन. पहिलं 2003 साली इथे मेलबर्नलाच झालं आणि मग दर काही वर्षांनी भरत राहिलं. यंदा मी एक कार्यशाळा घ्यायची असं ठरवलं. पानभर प्रस्ताव लिहिला, त्यात आमच्या कामाची आरती ओवाळली. उत्तर आलं : 'तुम्ही काय सांगणार ते कळलं. आलेली माणसं काय करणार?' झोंबलं. पण खरं होतं. मग सगळं खोडलं आणि एकच प्रश्न ठेवला : पैसे थोडे असतील तर ओढ्यासाठी आधी काय करायचं? दीड तास, चार टेबलं आणि माझ्याबरोबर एक सहकारी. ती इथलीच, शांत डोक्याची. तिच्याशिवाय माझं काय झालं असतं ते पुढे कळेलच.

आमचं इथलं शास्त्र तुला थोडक्यात सांगतो. शहर वाढलं की ओढ्यांना सगळीकडे साधारण एकच दुखणं जडतं, त्याला 'अर्बन स्ट्रीम सिंड्रोम' म्हणतात. 2005 च्या सुमाराला हे नाव रुळलं. पाऊस पडला की लोंढा, थांबला की ठणठणाट. काठ खचतात, दगडांखालचे नाजूक किडे नाहीसे होतात, चिवट तेवढे उरतात. मेलबर्नच्या मंडळींनी दाखवून दिलं की नुसतं छपरं आणि डांबर किती हे मोजून भागत नाही. त्यांवरचं किती पाणी पाइपाने थेट ओढ्यात उतरतं ते बघावं लागतं. शहराच्या पूर्वेला माउंट एव्हलिनमध्ये एका छोट्या ओढ्यासाठी घराघरांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. त्यासाठी घरमालकांना पैसे दिले, तेही लिलाव करून! आपल्याकडे असा लिलाव निघाला तर आधी टाकीवर मालकी कुणाची यावरून सोसायटीची सभा बोलवावी लागेल.

तर कार्यशाळा. प्रत्येक टेबलावर एका काल्पनिक ओढ्याचा नकाशा : वर टेकडी, मध्ये जुनी वस्ती, खाली नव्या इमारती. सोबत दहा बटणं, म्हणजे पैसे. सुरुवातीला प्रत्येकाने लहानपणीचा एक ओढा सांगायचा. मी अर्थात आपल्या पुण्याचा आंबील ओढा सांगितला. नानासाहेब पेशव्यांनी तो कसा वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं कसं केलं, आज तिथे सारसबाग कशी आहे. मग 25 सप्टेंबर 2019 ची पुराची रात्र, आणि तू दुसऱ्या दिवशी पाठवलेले अरण्येश्वरच्या बाजूचे फोटो. सभा गंभीर झाली, मी मनातून खूष.

मग बटणं सरकू लागली. इथल्या लोकांनी भराभर टाक्यांवर लावली. एका टेबलावर निवृत्त इंजिनियर एकटेच बोलत होते. माझ्या सहकारिणीने हळूच त्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि वेळ मोजायचं काम सोपवलं. (ही युक्ती तुझ्या नववीच्या वर्गात करून बघ.) तेवढ्यात ब्राझीलहून आलेल्या एका बाईंनी हात वर केला. "या नकाशात मैल्याची लाइन कुठे आहे?"

नव्हतीच. मी काढलीच नव्हती.

सुहास, आपण शाळेत जाताना पुलावरून नाक दाबून पळायचो, तो मी! पेशवाईचा इतिहास सांगितला, पुराची गोष्ट सांगितली, आणि जे रोज वाहतं तेच विसरलो. इथे पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगवेगळ्या पाइपांतून जातं. सहा वर्षांत मला ते इतकं अंगवळणी पडलं की सगळं जग तसंच आहे असं धरून मी नकाशा काढला.

मी गोंधळलो. सहकारीण म्हणाली, "मग आता काढा," आणि तिने टेबलांवर लाल पेनं ठेवली. प्रत्येकाने आपापल्या शहरासारखी लाइन काढली. कुणाची ओढ्याच्या पात्रातूनच गेली, कुणाची अर्ध्यावर तुटली, एकाने तर वस्तीत काढलीच नाही. दहा मिनिटांत चार नकाशांचे चार ओढे झाले. बटणं परत गोळा झाली, वेळापत्रक कोलमडलं. प्रस्तावात कबूल केलेली 'उपायांची यादी' काही हाती लागली नाही. त्याऐवजी फळ्यावर प्रश्न जमले. पहिलाच असा : दोन्ही पाणी वेगळं आहे ते कागदावर की जमिनीत? निवृत्त इंजिनियरांनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा कुणी उठेना.

आता कामाचं. पुढच्या खेपेला काल्पनिक नकाशा नको. तुझ्या पोरांनी कात्रजपासून ओढ्याकाठी चालत जो नकाशा केला, कुठे काय येऊन मिळतं ते खुणा करून, तो मला हवा आहे. आणि प्रस्तावात कार्यशाळा घेणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या नावाची एक ओळ असते, तिथे तुझं नाव घालतो. इंग्रजीची सबब सांगू नकोस, मी ऐकणार नाही.

नकाशा घडी घालून पाठवू नकोस, गुंडाळी कर. घड्यांवरच्या खुणा पुसल्या जातात. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि