‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबू नका

‘बाथ सॉल्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या नशेवरील आपले वृत्त वाचले. लघवीची तपासणी निगेटिव्ह, म्हणजे नशा केलीच नव्हती, हा त्यातील निष्कर्ष घातक आहे. नेहमीच्या चाचणीपट्टीतील प्रतिपिंडे अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य ओळखण्यासाठी बनवलेली असतात. ‘बाथ सॉल्ट’मधील मेफेड्रोन, एमडीपीव्ही या द्रव्यांच्या रेणूत कीटोन गट हा वेगळा अणुसमूह असल्याने ते बहुधा निसटतात. खात्रीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखणारी चाचणी, लागते. तिच्या अहवालासाठी मात्र उपचार थांबवू नयेत. घामाने निथळणारा, भेदरलेला, जबडा आवळलेला रुग्ण आला की आधी शरीराचे तापमान मोजावे. ते ४० अंश सेल्सिअसपुढे गेले, तर स्नायूंचे तंतू फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी. बर्फाच्या पाण्याने अंग तातडीने थंड करावे, बेंझोडायझेपिन या शामक औषधाने रुग्णाला शांत करावे. नुसते बांधून ठेवले, तर झटापटीत उष्णता आणखी वाढते.