साखळी लावा, पण पाइप काढण्याआधी हिशेब करा

संपादक महोदय,

पन्हळीच्या तोंडाला पाइपऐवजी साखळी टांगून पावसाचे पाणी तिच्यावरून उतरवायचे, ही जपानमधली घरांची आणि देवळांची जुनी पद्धत. आता ती सजावट म्हणून सगळीकडे दिसते. दिसते सुरेख, यात वाद नाही. पण बसवताना छपराचे क्षेत्रफळ कोणी विचारात घेत नाही.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला ६० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर १० चौ.मी.च्या पोर्चवरून मिनिटाला १० लिटर येते. तेवढे साखळी पेलते. १०० चौ.मी.च्या छपराचे सगळे पाणी एकाच तोंडाशी आणले, तर मिनिटाला १०० लिटर! तिथे साखळी नावालाच. पाणी भिंतीवर आणि घराच्या पायाशी जाते. मोठ्या छपराचा पाइप काढूच नये.

लहान छपरालाही नुसती कडी अडकवून भागत नाही. पाइपसाठी पाडलेले भोक ७५ ते १०० मिमीचे असते. पाणी त्याच्या काठाकाठाने गळते आणि मधोमध लोंबणारी साखळी जवळजवळ कोरडीच राहते. म्हणून भोकात ४०-५० मिमीपर्यंत निमुळते होणारे नरसाळे बसवून कडेने सीलंट भरावे. तोंड आवळले की पाला अडकणारच, तेव्हा वर जाळी हवी आणि ती पावसाळाभर साफही करायला हवी. साखळी ओली झाली की वजन वाढते; भोकाच्या दोन्ही बाजूंना पन्हळीला ब्रॅकेट द्यावेत.

कड्यांपेक्षा वाट्यांच्या साखळीवरून पाणी कमी उडते. तरी भिंतीपासून फूटभर अंतर ठेवावे आणि खालचे टोक जमिनीतल्या हुकाला किंवा जड दगडाला बांधावे, नाहीतर वाऱ्यात साखळी भिंतीवर आपटते. खाली शोभेचे घंगाळ ठेवायचे तर तळाला भोक पाडून ते खडीने भरावे, म्हणजे डास होणार नाहीत. तिथून पाणी पायापासून दूर, गटारात किंवा शोषखड्ड्यात न्यावे.

तांब्याची साखळी जस्ताच्या पन्हळीला थेट अडकवू नये. ओलीत दोन धातू एकमेकांना टेकले की जस्त झिजते आणि पत्रा गंजतो. मध्ये नायलॉनचा वॉशर चालतो. मात्र तांब्यावरून आलेले पाणी खालच्या जस्ताच्या पत्र्यावर पडत असेल, तर वॉशरचाही उपयोग नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचीच साखळी घ्यावी.

— एक वाचक