तुझ्या टाकीतला तपकिरी चिकटा

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. वाळूवरचं ते तपकिरी म्हणजे नव्या टाकीतले डायटम, ते सूक्ष्म तपकिरी शेवाळ, नव्हे. डायटम पिठासारखे बसतात, बोट फिरवलं की उडतात आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. तुझ्याकडे शेंबडासारख्या तारा लोंबतायत आणि टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेत. वर तू लिहितोस की सकाळी दिवा लागायच्या आधी वाळू साफ असते नि दुपारपर्यंत पुन्हा माखते. भावा, ही चाल डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची, थोडक्यात डायनोंची.

तरी खात्री कर. थोडा चिकटा टाकीच्याच पाण्यात बाटलीत घे, जोरात हलव आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून पारदर्शक ग्लासात गाळ. ग्लास तासभर दिव्याखाली ठेव. गाळून आलेल्या पाण्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात कुणी ओळखीचं असेल तर ४०० पट मोठं करून बघ. एका टोकाला दावं बांधल्यागत गरगर फिरणारे थेंबासारखे जीव दिसले तर ती डायनोंची ऑस्ट्रिऑप्सिस जात. वाळूच्या कणांतच सरपटत राहिले तर ॲम्फिडिनियम ही दुसरी जात. हा फरक पुढे कामाला येतो.

आता कारण. आपल्या डोक्यात रंकाळा तलाव बसलाय: सांडपाणी मिसळलं की पाणी हिरवं, म्हणजे सफाई केली की बरं. तुझ्या टाकीत उलटं झालंय. दर आठवड्याला पाणी बदललंस, फॉस्फेट शोषणारं लोहाचं मीडिया (गाळणीत भरायचे दाणे) लावलंस आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलंस. बाकीचं शेवाळ नि जिवाणू उपाशी पडले, मोकळी जागा डायनोंनी घेतली. तेव्हा आधी ते मीडिया काढ आणि पाणी बदलणं थांबव.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणायचं. तुझ्या २०० लिटरला १.६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट म्हणजे साधारण ५ पीपीएम. ठिबकवाल्यांच्या दुकानात १३:००:४५ नावानं मिळतं ते हेच, पण खताच्या दर्जाचं. तू प्रयोगशाळेच्या दर्जाचं घे. फॉस्फेटसाठी १.५ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळव. त्यातलं १० मिली टाकलं की ०.१ वाढतं. दुसऱ्या दिवशी टेस्ट पुन्हा शून्य दाखवेल. दगड फॉस्फेट पितात, म्हणून आकडा टिकेपर्यंत रोज मोजून थोडं थोडं घाल.

चिकटा ओढून काढताना नळी तोंडानं ओढू नकोस, हातमोजे घाल. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती विषारी असतात. तुझ्या गोगलगायी मरतायत त्या बहुधा त्यामुळेच. पाणी १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळायच्या बारीक पिशवीतून) गाळून परत टाकीत सोड, म्हणजे चिकटा जाईल नि पाणी बदललं जाणार नाही. मग तीन दिवस टाकी चादरीनं पूर्ण झाक, एअरपंप इन्व्हर्टरवर ठेव. ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील प्रकाशातून नेणारं यंत्र, चालू. रात्री ते पाण्यात तरंगतात, तेव्हाच सापडतात. ॲम्फिडिनियमला यूव्हीचा उपयोग नाही, ते वाळू सोडतच नाहीत.

मागच्या काचेवरचा लालसर पापुद्रा सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) आहे, साय काढल्यासारखा अखंड निघतो. त्याची काळजी नको. ओढून घे, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) तिकडे वळव.

दगडावरचं हिरवं मात्र आत्ता उपटू नकोस. डायनोंशी स्पर्धा करणारं तेवढंच उरलंय. नंतर भिंगातून बघ: नुसते केस असतील तर हातानं उपटून टर्बो गोगलगायी सोड, पिसासारख्या फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस नावाचं शेवाळ. त्याला फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे तुझ्या टाकीला १००० मिलिग्रॅम. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. फिल्टरमधला कार्बन काढ, यूव्ही बंद कर, दोन आठवडे पाणी बदलू नकोस. यूव्ही बंद ठेवावा लागतो म्हणूनच डायनोंचा नि ब्रायोप्सिसचा असे दोन्ही उपचार एकदम करता येत नाहीत.

आणि घरच्या आरओचं पाणी थेट वापरत असशील तर त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लाव. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं, वीस-तीस नाही.

आठवड्यानं नायट्रेट-फॉस्फेटचे दोन्ही आकडे कळव.

तुझा,
मित्र