लेखकाचं नाव कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीव्हीवरच्या विनोदी प्रहसनांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. कलाकारांचं कौतुक रास्तच आहे, पण पानभर मजकुरात लेखकाचं नाव एकदाही नाही, म्हणून हे पत्र.

बीबीसीवर 1971 ते 1987 'द टू रॉनीज' हा कार्यक्रम चालला. जाडजूड रॉनी बार्कर आणि ठेंगणा रॉनी कॉर्बेट. मुलगा यूट्यूबवर लावून देतो, इंग्रजी निम्मंअधिक डोक्यावरून जातं, तरी मी डोळे पुसत हसते. (सगळंच धड नाही हं. बायकांवरचे काही विनोद आता बघवत नाहीत.) 1976 चं हार्डवेअरच्या दुकानाचं प्रहसन मात्र बघाच. बार्कर 'फोर कँडल्स' मागतो. कॉर्बेट काउंटरवर चार मेणबत्त्या ठेवतो. गिऱ्हाईक ढिम्म! त्याला हवे असतात 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागेतल्या काट्याचे दांडे. बोलताना 'ह' गिळलेला. मग 'ओज' मागतो. दुकानदार कुदळ ('हो') आणतो, पाण्याची नळी ('होज') आणतो, आणि हवी असतात फाटकावर लावायची 'ओ' ही अक्षरं. गंमत अशी, की फजिती होते ती शुद्ध बोलणाऱ्या दुकानदाराची. आपल्याकडे 'न'-'ण'वरचा विनोद म्हणजे 'पानी' म्हणणाऱ्याची टिंगल, पुढे गाडी जातच नाही.

हे लिहिलं होतं जेराल्ड वायली यांनी. हा वायली म्हणजे खुद्द बार्कर! आपल्या नावामुळे उगाच वाहवा नको, लिखाण चांगलं असेल तरच घ्या, म्हणून त्याने आधीच्या एका कार्यक्रमापासून टोपणनावाने संहिता पाठवल्या. हा वायली कोण, यावर सहकाऱ्यांचे तर्क चालायचे, एखाद्या बड्या नाटककाराचंही नाव घेतलं जायचं. शेवटी जेवणाच्या टेबलावर बार्कर उठून म्हणाला, तो मीच.

त्याने नाव स्वतःहून लपवलं होतं. आपल्याकडच्या लेखकांना कुणी विचारलंय? कार्यक्रम संपताना नावं अशी पळवतात की चष्मा लावेपर्यंत जाहिरात सुरू. निदान आपल्या पुरवणीने तरी पुढच्या वेळी प्रहसनाच्या फोटोखाली कलाकारांसोबत लेखकाचंही नाव छापावं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली