चूल वेगळी, गणपती एकच : कुटुंब नोंदीच्या कामासाठी मदतीचं आवाहन

गावकरी, माहेरवाशिणी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेल्या सगळ्यांना नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयानं यंदा एक काम अंगावर घेतलंय. प्रत्येक घराची नीट नोंद करायची. कोण कोणाबरोबर राहतं, कोण कुठं गेलं, म्हाताऱ्यांचं कोण बघतं, पैसा कुठून येतो. त्यासाठी माणसं हवीत आणि थोडे पैसेही.

वही घेऊन कुणी आलं की आपल्याकडं दार अर्धंच उघडतं, हे माहीत आहे. सीमाभागात मोजणी म्हटलं की ती भाषेचीच. 1956 ची राज्यांची पुनर्रचना काय, 1967 चा सीमावादावरचा महाजन अहवाल काय, आपण टक्केवारी होऊन बसलो. म्हणून आधीच सांगतो, या वहीत भाषेचा रकाना नाही. मत कुणाला देता, तोही नाही.

मग विचारायचं काय? घरात माणसं किती, इतकं साधं. दिवाळीच्या सुट्टीत एका गल्लीत करून बघितलं, तर पहिल्याच दारात अडकलो. सोप्यात बसलेले आजोबा म्हणाले, "घर एकच आमचं." आत सून म्हणाली, "चुली तीन." रेशन कार्डं दोन. उताऱ्यावर अजून आजोबांच्या वडिलांचं नाव. गणपती मात्र मोठ्या घरातच बसतो आणि पुण्याचा धाकटाही चतुर्थीला तिथंच येतो. आता ही घरं किती धरायची?

जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. इरावती कर्वे यांनी 1953 साली एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्या अशा : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि आपसात नातं. पुढं समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांना गुजरातेत महुव्याला दिसलं, की वेगळी राहणारी माणसंही पैशानं आणि जबाबदारीनं एकत्र असू शकतात. आमच्या आजोबांना हे दोघेही ठाऊक नाहीत, पण त्यांचं म्हणणं देसायांच्या बाजूचं.

त्यात 2023 पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये येतात, ते कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख तिच्या खात्यात. प्रमुख सासू की सून, हे आजवर इतकं उघड कुणी विचारलं नव्हतं. त्या पैशानं कुठं सासूचा शब्द वाढला, कुठं कार्ड वेगळं झालं, हे आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे. दहा वर्षांनी कुणाला आठवणार नाही. (दोघींना शेजारी बसवून विचारायचं नाही. आम्ही ती चूक केली. दोघीही "काय तरास नाही" म्हणाल्या आणि चहा दिला.)

नोंद हद्दीवर थांबवता येणार नाही. 1956 साली चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूरला गेला, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. त्याच गल्लीत दोन बायका नवरा वारल्यावर माहेरी परत आलेल्या सापडल्या. कागद सगळे तिकडचे, राहणं इकडं, त्यामुळं पेन्शन दोन्हीकडं अडलेली. अशांचे अर्ज भरून द्यायलाही आम्ही बसणार आहोत. नुसती वही भरून काय करायचं?

तर मागणं असं. सुट्टीत रोज दोन तास देणारी वीस मुलं-मुली हवीत, त्यात मुली जास्त, कारण आतल्या घरात पोरांना बोलावत नाहीत. समाजकार्य शिकलेलं कुणी असेल तर दोन दिवस येऊन प्रश्न कसे विचारायचे ते शिकवावं. दोन आवाज-रेकॉर्डर, वह्या, झेरॉक्स आणि बसभाडं यांना पैसे लागतील. मुलींचं तिकीट सरकार भरतं, पोरांचं आपल्याला भरायला हवं. शंभर रुपयेही चालतील, पावती घ्या. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल.

वहीत नाव नसेल, घराला फक्त नंबर. वह्या वाचनालयाच्या कपाटात कुलपात राहतील. कुठल्या पक्षाला, समितीला की ऑफिसला मिळणार नाहीत. सांगायचं नसेल त्यानं नाही म्हणावं, पुन्हा दार वाजवणार नाही.

बाहेरगावी असलेल्यांना एक जास्तीचं मागणं. गावी आई-बाबा एकटे असतील तर त्यांना फोन करून आधी सांगून ठेवा, की वाचनालयाची पोरं येतील, घाबरू नका.

वाचनालय संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं.

आपले,
कार्यकारी मंडळ