सूचना : मोजणीच्या खेळांविषयी

सर्व शिक्षिका व पालक सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या सोमवारपासून ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी बालवर्गात मोजणीचे खेळ सुरू होत असून, तेच खेळ घरीही रोज दहा-पंधरा मिनिटे घ्यावेत.

मूल एक ते दहा अंक घडाघडा म्हणते, म्हणजे त्याला मोजता येते असे नव्हे. बाटल्यांची पाच झाकणे ओळीत मांडून ती बोट लावून मोजायला सांगावीत आणि लगेच "मग एकूण किती?" असे विचारावे, पुष्कळ मुले उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात, कारण शेवटी उच्चारलेला अंक हीच एकूण संख्या असते, हे त्यांना अजून उमगलेले नसते. अशा वेळी चूक न दाखवता आपण स्वतः मोजून शेवटच्या अंकावर जरा थांबावे. तीच झाकणे लांब लांब पसरली की "आता जास्त झाली" असेही मूल म्हणेल. हसू आवरावे, वाद घालू नये.

घरी वेगळे साहित्य विकत आणू नये. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे किंवा माणशी एक ताट मांडणे एवढेही पुरेसे आहे. अंक लिहून घेण्याची घाई मात्र कृपया कोणीही करू नये.

घरात ३ वर्षांखालील भावंड असल्यास झाकणे, मणी, बिया खेळ संपताच मोजून उचलून ठेवाव्यात, कारण अशा वस्तू घशात अडकण्याचा धोका असतो. मोजण्याचे हे काम मुलाकडेच सोपवावे.

– संयोजक