रात्री साडेदहाचं 'टिंग'

संपादक महोदय,

रात्री साडेदहाला जेवायला बसलो की ऑफिसच्या ग्रुपवर टिंग वाजतं, "उद्या नऊच्या आत शीट पाहिजे", आणि हातातला घास हातातच राहतो. डोंबिवलीहून फास्ट लोकलला लटकून जायचं, साहेबाचं टार्गेट ऐकायचं, हे अंगवळणी पडलंय, पण घरी आल्यावरही ऑफिस सुटत नाही त्याचं काय? ('अर्जंट' म्हणून मागितलेली शीट दोन दिवस कोणी उघडूनपण बघत नाही, ते वेगळंच.) गेल्या महिन्यात बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी विचारलं, रात्री फोन कुठे असतो? म्हटलं, उशाशी. ते म्हणाले, धोका दिसला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स वाढतात ते ठीक, पण तुमचं शरीर प्रत्येक टिंगला धोकाच समजतंय, मग झोप लागणार कशी?

फ्रान्समध्ये २०१७ पासून ड्युटी संपल्यावर फोन-मेलपासून लांब राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही. तोवर निदान सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, तो नंबर नोटीस बोर्डावर लावा एवढं मी आमच्या एचआरला सांगून बघितलं. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकला. रात्री अकरा वाजता.

– एक वाचक, डोंबिवली